दात येतायत, दृष्ट लागली, नाहीतर दुधाचं वावडं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाळाला वरचं अन्न कसं सुरू करायचं यावर मध्यंतरी तुमच्या पुरवणीत लेख आला होता, चांगला होता, पण अ‍ॅलर्जीचा त्यात नुसता उल्लेख होता म्हणून लिहितेय. मी डॉक्टर वगैरे नाही, आजी आहे.

नातू सात महिन्यांचा असताना त्याला पहिल्यांदा नाचणीसत्त्व गाईच्या दुधात शिजवून भरवलं. तीन-चार चमचे खाल्ले असतील, आणि तोंडाभोवती लाल झालं, मग गालावर, पोटावर पित्तासारख्या गांधी उठल्या. मी म्हटलं दात येतायत, लाळेने झालं असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि तासाभरात गांधीही बसल्या, त्यामुळे दृष्टच होती हे सगळ्यांना पटलं! दुसऱ्यांदा दिलं तेव्हा परत तेच, वर उलटी. मग मी अक्कल चालवली, गाईचं बाधतंय ना, शेळीचं देऊ, ते हलकं असतं. त्या दिवशी त्याचा ओठ सुजला आणि आम्ही डॉक्टरांकडे पळालो.

त्यांनी पहिलं विचारलं, खाल्ल्यावर किती वेळात झालं? सून म्हणाली दहा मिनिटं, मी म्हटलं अर्धा तास तरी, आणि मुलगा तर घरातच नव्हता. डॉक्टर म्हणाले घड्याळ बघत जा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात येईपर्यंत गांधी गेलेल्या असतात आणि आम्हाला दाखवायला काहीच उरत नाही. गांधी, सूज, उलटी हे साधारण दोन तासांच्या आत होतं. दुसरा प्रकार सावकाश येतो, काही तासांनी नाहीतर दोन-तीन दिवसांनीसुद्धा, शीतून रक्त, सारखे जुलाब, काही केल्या न जाणारा इसब, वजन न वाढणं, आणि त्याचा संबंध खाण्याशी कुणी लावतच नाही. शेळीच्या दुधाचं म्हणाल तर त्यातलं प्रोटीन गाईच्यासारखंच असतं, म्हशीचंही तसंच, म्हणजे गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना तेही चालत नाही. आणि दूध पचत नाही म्हणतात तो प्रकार वेगळा, तिथे दुधातली साखर पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात पण गांधी उठत नाहीत. मला हे सगळं पासष्टाव्या वर्षी कळलं.

एक मात्र मी पाठच केलंय. आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, सारखा खोकला यायला लागला किंवा मूल एकदम मलूल होऊन ढिलं पडलं तर घरात सिरप शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, अशा वेळी तेच उपयोगी पडतं, खाजेच्या औषधाने श्वास सुधारत नाही.

आता दुसरी तऱ्हा. आमच्या नात्यातल्या एकीने घाबरून मुलाची पॅकेजमधली रक्ततपासणी केली, एकदम शंभराच्या वर पदार्थ, रिपोर्टात निम्मे लाल, आणि तिने गहू, अंडं, दाणे सगळं बंद केलं. जे मूल ते पदार्थ मजेत खात होतं! नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, खाल्ल्यावर काही होतं का ते महत्त्वाचं. दाणे उशिरा द्यायचे हा सल्लाही आता मागे पडलाय, लंडनमध्ये इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या 600 हून जास्त बाळांवर अभ्यास झाला, तो 2015 मध्ये छापून आला, त्यात वर्षाच्या आतच दाणे सुरू केलेल्या मुलांना पाच वर्षांपर्यंत दाण्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी झाली. अर्थात अख्खा दाणा नाही हं, घशात अडकतो, बारीक कूट पातळ करून द्यायचं, आणि इसब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

नातू आता अडीच वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुधाचं बिस्किट चालायला लागलंय, पेलाभर दूध अजून नाही. पुष्कळ मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते म्हणे, बघू.

परवा त्याला प्ले ग्रुपला घातला. फॉर्मवर ब्लड ग्रुप, बाबांचा हुद्दा, आवडता रंगसुद्धा विचारलाय, काय चालत नाही याला जागाच नाही, आणि वाढदिवसाचा केक दर आठवड्याला असतो. मी फॉर्मच्या मार्जिनमध्ये पेनाने लिहून आले. बाकीच्या शाळांनीही तेवढा एक रकाना वाढवावा, म्हणून हे पत्र.

आपली,
एक आजी, नाशिक