वारस अर्जातून बहिणीचे नाव गाळू नका

मा. संपादक,

पेरणीच्या तोंडावर पीककर्जाची कागदे जमवताना कितीतरी कास्तकारांच्या ध्यानात येते की वावर अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर आहे. मग घाईघाईत वारस अर्ज होतो आणि वंशावळीतून बहिणी गळतात. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणारी, बुलडाणा जिल्ह्यातून निघालेली 'जिवंत सातबारा' मोहीम 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर गेली आणि अशा नोंदींना वेग आला, हे चांगलेच झाले. पण नाव गाळून केलेली नोंद पुढे फार महागात पडते.

वारस नोंद म्हणजे वाटणी नाही. मयताच्या मागे कोण कोण आहे, एवढेच ती सांगते. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हयात असल्यास तीसुद्धा पहिल्या वर्गातले वारस. आजीचे नाव तर बहिणींपेक्षाही जास्त वेळा राहते. हाच कायदा बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र तो लागू नाही, हे मेळघाट-केळापूरकडच्या अर्जनवीसांनी ध्यानात ठेवावे.

"हिचे लग्न 94 च्या आधी झाले, हिला हक्क नाही" हे वाक्य आजही ऐकू येते. ती अट 1994 च्या राज्य दुरुस्तीतली होती. केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या रीतसर वाटण्या तेवढ्या मोडत नाहीत. वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत तर लग्नाच्या तारखेचा प्रश्नच येत नाही.

अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर करायचा. मृत्यू दाखला, वंशावळीसह शपथपत्र, सर्व वारसांचे आधार आणि पत्ते लागतात. दाखल्यावर 'किसन' आणि सातबाऱ्यावर 'कृष्णा' असेल तर काम तिथेच अडते, म्हणून नाव आधी जुळवून घ्यावे. नोंद आधी सहा-क वहीत, म्हणजे गावच्या वारस नोंदवहीत, मग फेरफारात, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या वहीत जाते. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वाद नसेल तर या नोंदीसाठी कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. त्यावर उगाच वकिलाची फी जाते.

बहिणींची नावे लागली की बँक सगळ्यांच्या सह्या मागते, ही भावांची खरी अडचण, आणि ती खोटी नाही. त्यावर कोऱ्या स्टॅम्पवर अंगठे घेणे हा इलाज नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच लागते. नुसत्या नोटरीवर तलाठ्याने नाव कमी करू नये. वडिलोपार्जित जमिनीचे, मोबदला न घेता, भावाच्या नावे केलेले हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होते. रक्कम घेतल्याचे लिहिले की विक्रीसारखे मुद्रांक शुल्क बसते. पैसे देऊन 'विनामोबदला' लिहिणारे पुढे बहिणीशी दाव्यात अडकतात, कारण दिल्याचा पुरावा त्यांनीच पुसलेला असतो. बहिणीला हिस्सा हवा असेल आणि सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्यावे.

सर्वांत जास्त फसतात त्या लहान मुलांच्या विधवा आया. मुलांची नावे सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईच्या पालकत्वाखाली लागतात. आईने स्वतःचा हिस्सा सोडला तरी मुलांचा सुटत नाही; अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीन मुलाचा, हिस्सा देण्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. तिने दुसरे लग्न केले तरी नवऱ्याकडून आलेला तिचा हिस्सा जात नाही. दिराने काहीही सांगितले तरी.

नाव गळलेच असेल तर नोंद प्रमाणित झाल्यावर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो.

तहसील कार्यालयांना एकच विनंती. शिबिरात वाटायच्या वंशावळीच्या नमुन्यात 'मयताची आई' आणि 'विवाहित मुली' या ओळी छापूनच द्या. रिकामी ओळ पाहून तलाठ्याला विचारावे तरी लागेल.

– महसूल कामकाजाचा एक जाणकार, जि. यवतमाळ