दोन इंजिनं

कराड
रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

दक्षिण कोरियातल्या इमजिंगाकहून पाठवलेला गंजक्या इंजिनाचा फोटो मिळाला. आई म्हणाली, एवढ्या लांब जाऊन पोरगी भंगार बघतेय. मी मात्र चष्मा लावून गोळ्यांची भोकं बघत बसलो. हजारावर आहेत म्हणे. कोरियाच्या युद्धात, ३१ डिसेंबर १९५० ला ते जांगदान स्टेशनात अडकलं, आणि चिन्यांच्या हाती लागू नये म्हणून अमेरिकनांनीच निकामी केलं.

त्याच महिन्यात दुसरं एक इंजिन सुटलं, आणि ते आपल्या पोरांनी पळवलं. भारतीय फौजेची ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे आघाडीलगतचा फिरता फौजी दवाखाना, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची तुकडी. नोव्हेंबरात दक्षिणेच्या पुसान बंदरात उतरली आणि उत्तर कोरियातल्या प्याँगयांगला पोचते न पोचते तोच माघार सुरू. गाड्या नाहीत, तेव्हा सामान टाकून निघा, असं सांगितलं गेलं. रंगराज ऐकेनात. एक जुनं वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडले. ज्यांना त्यातलं थोडंफार कळत होतं त्यांनी ते पेटवलं, सामान चढवलं आणि पूल उडायच्या आत दक्षिणेकडे काढलं.

सामानासाठी एवढा आटापिटा कशाला, असं तुला वाटेल. जन्मभर फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो म्हणून सांगतो, ऑपरेशनचं टेबल, प्लाझ्मा, बँडेज गेलं की फील्ड अॅम्ब्युलन्स म्हणजे दंडाला लाल क्रॉस बांधलेली नुसती गर्दी.

त्यात थंडी. उत्तरेला त्या हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत गेला होता. प्लाझ्मा गोठायचा. मॉर्फीनच्या छोट्या ट्यूबा वैद्यकीय सैनिक तोंडात धरून ठेवायचे, तेव्हा कुठे त्या टोचता यायच्या. मी लेहला सलाइनची बाटली कुशीत घेऊन झोपलोय, त्यामुळे हे वाचलं तेव्हा माझेच दात शिवशिवले.

आणि आघाडी तरी एका जागी कुठे होती? जून १९५० ते मार्च १९५१, एवढ्या अवधीत दक्षिणेची राजधानी सोल चारदा या हातून त्या हाती गेली. दर वेळी तंबू सोडा, जखमी चढवा, वीस-तीस मैलांवर पुन्हा खुंट्या ठोका. गोठलेल्या जमिनीत खुंटी ठोकणं म्हणजे काय, ते मला विचार.

तू ज्या मुनसानला बस बदललीस ना, तिथेच २३ मार्च १९५१ ला अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर आपले बारा जण उतरले, स्वतः रंगराजांसह. वरून उडी मारायची आणि खाली पाय टेकताच दुसऱ्याची जखम बांधायची. रंगराजांना पुढे महावीर चक्र मिळालं. आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठे वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

परत गेलीस तर त्या इंजिनाच्या चाकांचा जवळून फोटो काढ. आईने मेथीचे लाडू पाठवलेत. आणि ते पातळ फॅशनचे हातमोजे पुरे, जाड लोकरीचे घे.

तुझे,
बाबा