वायपर आणि डिमिस्टरला खरे बटण हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक मोटारींची चर्चा रेंज, चार्जर आणि किंमत यांच्याभोवतीच फिरते. चालवणारा ज्याच्यासमोर रोज बसतो त्या डॅशबोर्डकडे फारसे कुणी पाहत नाही. गेल्या काही वर्षांत तिथली बटणे एकेक करून गेली आणि त्यांची कामे स्क्रीनकडे आली. पावसाळ्यात बोरघाट किंवा ताम्हिणी उतरताना हा बदल जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

बाहेर पाऊस आणि आत ओल्या कपड्यांतली चार माणसे असली की समोरची काच आतून धुरकट होते. काचेवरचे हे बाष्प घालवणाऱ्या सोयीला डिमिस्टर म्हणतात. उपाय ठरलेला आहे. हवेचा झोत काचेवर, हवा कोरडी व्हावी म्हणून एसी चालू, आतलीच हवा फिरवण्याचा मोड बंद, पंखा जोरात आणि तापमान थोडे चढते. पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कधी उलटेही घडते. एसीने काच इतकी गार पडते की बाष्प बाहेरून धरते. अशा वेळी गार हवेचा झोत काचेवर सोडला तर धूसरपणा वाढतोच. तिथे तापमान चढवून, झोत काचेवरून काढून वायपर फिरवावा लागतो. म्हणजे बाष्प आत आहे की बाहेर हे काचेला बोट लावून पाहायचे आणि त्यानुसार चार-पाच गोष्टी लगोलग बदलायच्या. गोल नॉब असले की हे हाताच्या सवयीने होते. स्क्रीनवर आधी नकाशा बाजूला सारा, एसीचे पान उघडा, झोताचे चिन्ह शोधा, दाबा आणि दाबले गेले का ते पुन्हा पाहा. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद मान खाली म्हणजे ५० मीटर रस्ता न बघता कापला, आणि तोही घाटात.

स्वीडनच्या ‘वी बिलॅगारे’ या मोटार-मासिकाने २०२२ मध्ये हे मोजून दाखवले. ताशी ११० किमी वेगाने चार ठरावीक कामे करायला किती वेळ लागतो, एवढाच प्रश्न होता. बटणे असलेल्या २००५ च्या व्होल्वो व्ही७० मध्ये १० सेकंद लागले आणि गाडी ३०६ मीटर गेली. एमजीच्या मार्व्हल आर या इलेक्ट्रिक गाडीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले, अंतर १,३७२ मीटर. चालकांना प्रत्येक गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता, त्यामुळे ‘सवय नव्हती’ ही सबब चालत नाही. सीट गरम करण्यासारखे त्यातले एखादे काम आपल्याकडे कधी लागायचे नाही, हे मान्य. पण याच चाचणीत व्होल्वोच्या सी४० या इलेक्ट्रिक गाडीने स्क्रीन असूनही १३.७ सेकंदांत काम उरकले. म्हणून सरसकट स्क्रीनला दोष देणे मला पटत नाही. मांडणी सुटसुटीत असली तर स्क्रीनही बरी चालते. सगळेच तिच्या पोटात कोंबले की ती अडते.

बटणाला कड असते, खळगा असतो, दाबल्यावर टक्‌ होते. बोट त्यावर टेकवून ठेवता येते आणि मग दाबता येते. टचस्क्रीनवर टेकवले की दाबलेच. शिवाय ही स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतधारितेतला बदल ओळखते, त्यामुळे बोट ओले असेल किंवा काचेवर पाण्याचे थेंब असतील तर स्पर्श भलतीकडे नोंदला जातो किंवा नोंदलाच जात नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर हात हलतो तो वेगळाच. चकचकीत काळ्या पट्टीवरची स्पर्शाची ‘बटणे’ तर मला स्क्रीनहून वाईट वाटतात. ती बटणासारखी दिसतात, पण बोटाला काही सांगत नाहीत. फोक्सवॅगनने आयडी.३ मध्ये आवाज आणि तापमानासाठी अशीच सरकपट्टी दिली, तिला रात्री दिवाही नव्हता. तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीने पुढच्या मॉडेलांत खरी बटणे परत आणायचे जाहीर केले. टाटाच्या २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीत पॅनेल स्पर्शाचे आहे, पण तापमान आणि पंख्याला वर-खाली होणारे खटके ठेवले आहेत, आणि ब्रेकविना वेग कमी करणारे रीजन बदलायला स्टिअरिंगमागे पॅडल आहेत. घाट उतरताना सतत लागते ते हाताशी ठेवले, हे योग्यच झाले.

स्क्रीन बंद पडली तर काय, हाही प्रश्न आहे. २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १,३५,००० मॉडेल एस आणि एक्स परत बोलावल्या. आतली ८ जीबीची मेमरी चिप वारंवार लिहून-पुसून झिजत होती आणि स्क्रीनबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेचा डिमिस्टरही जात होता. जर्मनीत कार्ल्सरुहच्या न्यायालयाने २०२० मध्ये, पावसात स्क्रीनवरून वायपरचा वेग बदलताना रस्ता सोडून आदळलेल्या टेस्लाचालकाचा २०० युरो दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम केली. स्क्रीन कंपनीनेच बसवली होती, शिक्षा मात्र चालकाला झाली.

कंपन्या हे का करतात तेही उघड आहे. एका स्क्रीनमुळे डझनभर स्विच, त्यांचे साचे आणि वायरिंग वाचते. चार्जिंगची वेळ, ८० टक्क्यांची मर्यादा, वाटेतले चार्जर यांसाठी स्क्रीनच सोयीची आहे, त्याला कुणाची हरकत नाही. आग्रह फक्त चालत्या गाडीत लागणाऱ्या गोष्टींचा आहे: वायपर, दिवे, इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, समोरचा डिमिस्टर, पंखा, तापमान आणि आवाज. यातले इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न आणि वायपर हे चार, आणि शिवाय आपत्कालीन कॉल, अशा पाचांना खरी बटणे किंवा दांड्या नसतील तर गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरोपातली संस्था युरो एनकॅप जानेवारी २०२६ पासून गुण कापते. आपल्या भारत एनकॅपचे तारे ऑक्टोबर २०२३ पासून मुख्यतः धडकेतल्या संरक्षणावर ठरतात. त्यात हे पाच यावेत आणि आपल्या पावसासाठी डिमिस्टर हा सहावा असावा, अशी परिवहन मंत्रालयाकडे माझी मागणी आहे.

तोवर गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्येच तपासावे. गाडी उभी, सिस्टिम चालू, सीट नीट लावलेली. समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेवर नजर ठेवा आणि सोबत्याला एकेक काम सांगायला लावा: डिमिस्टर, पंखा दोन घर वर, वायपर जलद, आवाज कमी. ज्या कामाला नजर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त खाली जाते त्याची नोंद करा. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याच्या मार्गदर्शक सूचनांतही मर्यादा दोनच सेकंदांची आहे. मग फोनचा नकाशा पूर्ण स्क्रीनवर आणा आणि एसीची पट्टी दिसत राहते का पाहा. रिव्हर्स टाकल्यावरही पाहा. बोट ओले करून एकदा करा. स्क्रीन रीस्टार्ट करायला सांगा आणि ती काळी असताना पंखा आणि वायपर चालतात का, किती वेळाने सगळे परत येते, हे घड्याळ लावून मोजा. स्टिअरिंगवर मनाजोगे काम नेमता येणारे बटण असेल तर गाडी घरी नेण्याआधी ते डिमिस्टरला लावून घ्या. टेस्ट ड्राइव्ह शक्यतो अंधार पडल्यावर मागा, कारण पॅनेलवरच्या कोणत्या खुणा उजळतात आणि कोणत्या नाहीत हे दिवसा कळत नाही.

आपला,
एक वाहन अभियंता, पिंपरी-चिंचवड