आत्याचा कर्करोगही विचारात घ्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाला "घरात आणखी कुणाला होता का?" असं विचारलं, की उत्तर आई-मावशीपाशी थांबतं. आत्या लग्न होऊन परक्या घरची. तिचं दुखणं माहेरी कोण मोजतं! माझ्या बहिणीच्या वेळी समुपदेशक ताईंनी कागदावर वंशावळ मांडली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार असेल तर काळं भरायचं. वडिलांची आई काळी, आत्या काळी, मधे बाबांचा चौकोन कोरा. बाबा ठणठणीत आहेत. पण बीआरसीए-१ जनुकातला बिघाड बहिणीकडे त्यांच्यामार्फतच आला.

हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचं मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवलं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते बिनचूक सांधायचं हे त्याचं काम. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरी निभावून नेते. स्तनातल्या एखाद्या पेशीत तीही गेली, की तुटफूट साठत जाते. असा बिघाड असलेल्या साधारण ७० टक्के स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. तो बहुधा ट्रिपल निगेटिव्ह असतो, म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालत नाहीत. बीआरसीए-२ या दुसऱ्या जनुकातल्या बिघाडामुळे होणारा मात्र बहुतेकदा त्यांना दाद देतो. ओलापॅरिबसारखं औषध तर अशा पेशींची दुरुस्तीची उरलीसुरली वाटही बंद करून त्यांना मारतं. या जनुकांच्या तपासणीवर उपचार ठरतात ते असे. तिला हौस म्हणू नका.

म्हणून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही तपासणी मोफत असावी: पन्नाशीच्या आत आजार झालेल्या, ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या, घरात अंडाशयाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांसाठी, आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषांसाठीही. (हो, पुरुषांनाही होतो.) एकीत बिघाड सापडला, की नातेवाइकांची फक्त तेवढीच जागा तपासायची असते, खर्च बराच कमी. आशाताईंनाही वडिलांकडच्या बायकांबद्दल विचारायला सांगा.

मात्र नुसती तपासणीची यंत्रं घेऊन भागणार नाही. काही अहवालांत बदल सापडतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरलेलं नसतं. समजावणारं कुणी नसेल तर घाबरून स्तन काढून टाकायची वेळ येते. जिल्हा रुग्णालयांत जनुकीय समुपदेशकांची पदं आधी मंजूर करा, निविदा मागून काढा.

आपली,
एका रुग्णाची बहीण, सातारा