आई, ती भिंत मुद्दाम राखाडी केलीये

लाइपझिग, रविवार रात्र

ति. आई-बाबा, सा. न.

आधीच सांगते, नोकरी गेलेली नाही, मी सोडली. आई, तू तिसऱ्यांदा विचारलंस "आज ऑफिस नाही का गं" आणि मी तिसऱ्यांदा "आज घरून" म्हणाले, तेव्हाच बाबांच्या लक्षात आलं असणार, ते मागे पेपर वाचायचं नाटक करत होते, पान एकदाही उलटलं नाही. तर हो, ऑगस्टपासून मी डिझाइनचं स्वतःचं काम करते. पीआर आधीच हातात आहे त्यामुळे व्हिसाचा काही प्रश्न नाही, जुन्या ओळखीतून दोन क्लायंट मिळालेत, तिसऱ्याशी बोलणं चालू आहे, आणि ऑफिस घरातच थाटलंय. हे फोनवर सांगायला गेलं की तुझा आवाज बारीक होतो मग मी विषय बदलते, म्हणून लिहून पाठवतेय. मनूला वाचून दाखवायला सांग, पण शेवटचा भाग तिने आधी एकटीने वाचावा.

आता माझ्या खोलीतली ती राखाडी भिंत. तुरुंगासारखी दिसते म्हणालीस, चांगला रंग नव्हता का मिळाला म्हणालीस. अगं चांगलाच होता, आधीच्या भाडेकरूने आंब्याच्या रसासारखा पिवळा दिलेला, मला तर त्यासाठीच खोली आवडलेली. आणि त्यानेच घात केला. सप्टेंबरमधलं पहिलंच काम, एका चहाच्या दुकानाचं माहितीपत्रक, मी रात्री त्या भिंतीसमोर पिवळ्या बल्बखाली बसून रंग ठरवले. डोळ्याचं कसं असतं, आजूबाजूच्या उजेडाला तो सरावतो आणि पिवळ्यालाच पांढरं समजायला लागतो, मग स्क्रीनवरचं खरं पांढरं त्याला निळसर, थंड दिसतं, म्हणून मी थोडा पिवळा वाढवला, मग अजून थोडा. ५०० प्रती छापून आल्या. चहाच्या पानांना कावीळ झालेली! चूक माझी, त्यामुळे दुसऱ्यांदा छापायचा खर्चही माझा. त्याच शनिवारी रंगाचा डबा आणला, ना निळ्याकडे झुकणारा ना तपकिरीकडे, नुसता राखाडी.

बाबा, तुम्ही छपाईच्या ट्रेडल मशीनवरून पहिला कागद निघाला की मशीन थांबवून दारात जायचात, कागद दोन बोटांत धरून तिरका करायचात आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहायचात. मला लहानपणी वाटायचं शाई वाळवताय, तुम्ही तर उजेडात रंग तपासत होतात. ते दार मी इथे विकत आणलंय असं समजा. छापलेला रंग तपासायला ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा, उजेड धरतात, जगभरच्या प्रेसमध्ये तोच ठरलेला आहे, म्हणून तसा एक दिवा टेबलावर बसवलाय, आणि बल्ब घेताना खोक्यावर आरए, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वर लिहिलाय ना ते बघून घेतला, नाहीतर लाल रंग मेल्यासारखा दिसतो. स्क्रीनसाठी वेगळं एक यंत्र असतं, माऊसएवढं, ते काचेवर चिकटवून ठेवलं की स्क्रीनला एकेक रंग दाखवायला लावतं आणि कुठे खोटं बोलतेय ते सांगतं. महिन्यातून एकदा करते. नोव्हेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो, दारात जाऊन बघू म्हटलं तर दारात काय दिसणार.

बाकी सामान फार नाही. टेबल म्हणजे दोन लाकडी घोड्यांवर टाकलेली फळी, खिडकी डाव्या हाताला घेतलीये म्हणजे स्क्रीनवर चमकही येत नाही आणि पॅडवर माझ्याच हाताची सावलीही पडत नाही. खुर्ची मात्र चांगली घेतली. सगळ्या फाइल तीन ठिकाणी ठेवते, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं, पुरात तुमचे छपाईचे ब्लॉक गेले तेव्हा आई महिनाभर काय म्हणत होती ते मला पाठ आहे.

आणि आई, फळी भिंतीपासून वीतभर पुढे का ओढलीये, तर त्यामागे एक मोठी भानगड आहे. इथे लोक खिडक्या उघडतात. हसू नकोस, उघडतात म्हणजे तसं नाही, तो इथला एक आचारच आहे, त्याला लुफ्टन म्हणतात, आणि माझ्या भाडेकरारात त्यावर अख्खा परिच्छेद आहे. थंडी शून्याखाली असली तरी दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करायचा आणि सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, समोरासमोरच्या असतील तर फार उत्तम, मग बंद, मग हीटर चालू. इथल्या खिडकीची मूठ खाली असली तर बंद, आडवी केली तर पूर्ण उघडते, आणि वर केली तर नुसती वरून कलते. मला वाटलं कलती ठेवली दिवसभर की झालं काम, थंडी पण कमी. तर घरमालकीणबाई स्वतः वर आल्या आणि मला समोर उभं करून समजावलं की कलत्या खिडकीने हवा नीट बदलत नाही, भिंत मात्र गार पडते, आणि गार भिंतीवर आपल्या श्वासाची, अंघोळीची, माझ्या कुकरची वाफ बसते, आणि मग काळी बुरशी, आणि मग बुरशी कोणामुळे यावरून भाडेकरू-मालक कोर्टात. म्हणून सामान पण बाहेरच्या भिंतीला चिकटवायचं नाही, मागे हवा खेळली पाहिजे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आमच्याकडे घराला खिडक्या असतात, त्या उघड्याच असतात, त्याचा करार कोणी करत नाही. पण खरं सांगू, ज्या नोकरदारांच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच उघडतात त्यांना ठीक आहे, मी दिवसभर तिथेच बसलेली असते, अकराच्या लुफ्टनला ट्रेसिंग पेपर खोलीभर उडतात आणि पॅडवरचा हात लाकडासारखा होतो. आता कागदांवर तुमचा जुना, खिळे जुळवायचा पितळी कंपोझिंग स्टिक ठेवते बाबा. हो, मीच आणलेला, विचारायचं राहिलं.

घरी बसून खाते-झोपते असं बाळूकाकांना वाटत असेल तर वाटू दे. सकाळी साडेआठला मी टेबलाशी असते, सहाला स्क्रीन बंद करते, सहानंतर म्हणजे क्वचित. इथलं सरकार सुद्धा घरून कामाला काम मानतं, वेगळी खोली नसली तरी दिवसाला ६ युरो असे वर्षाला १२६० युरोपर्यंत टॅक्समध्ये वजा मिळतात. आणि कलाकार-डिझायनर लोकांसाठी १९८३ पासून विम्याची एक सोय आहे, क्युन्स्टलरझोत्सियालकास नाव आहे, बोलायला जाऊ नका, त्यात हप्त्याचा अर्धा भार आपला, उरलेला सरकार आणि डिझायनरांकडून काम घेणाऱ्या कंपन्या मिळून भरतात. अर्ज केलाय. मंजूर होईपर्यंत पूर्ण हप्ता मी भरतेय.

म्हणूनच, आता पैशाचं. या महिन्यात पंधरा हजार कमी आलेत ते बँकेची चूक नव्हती, मी तेव्हा तसं म्हणाले. मॉनिटर घेतला. डिसेंबरचे पण कमी येतील. मनूच्या लग्नाच्या हॉलच्या ॲडव्हान्ससाठी बाबा एफडी मोडू नका, जानेवारीत माझं एक बिल येणार आहे, थोडी कळ काढा.

मनू, साखरपुड्याला मी येत नाही. तिकीट बघून ठेवलेलं, मग मॉनिटर घेतला, हे असंच झालं, दुसरं काही कारण नाही आणि मी रडत वगैरे नाहीये. लग्नाला दहा दिवस येते, नक्की, सुट्टी मागायला आता साहेब पण नाही. मोठी राहिली आणि धाकटीचं आधी, असं कोणी बोललं तर आईने गप्प राहावं, प्रत्येकाला उत्तर द्यायची गरज नाही, आणि ते पुण्याचं स्थळ फेब्रुवारीपर्यंत थांबलं तर मी चहा प्यायला तयार आहे, चहा म्हणजे चहाच.

पत्रिका मीच केलीये, सोबत आहे. "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" ही ओळ ठेवलेली नाही कारण मावशी म्हणणारं अजून कोणी नाही घरात, आई तू हट्ट करू नकोस. बाबा, तुमचं काम वेगळं आहे. लाल मी मॅजेंटा १०० टक्के, यलो १०० टक्के धरलाय, वर काळ्याचा हात फक्त दहा टक्क्यांचा, कुंकू दिसलं पाहिजे, वीट नाही. शिरोरेघ बारीक वाटेल पण कागदावर शाई पसरून भरते, म्हणून तशी ठेवलीये. छापायच्या आधी एक प्रूफ मागा आणि दारात नेऊन बघा, सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट नको. फोटो पाठवू नका, फोटोत रंग बदलतो. फोन करा आणि कसा दिसतोय ते सांगा, तुमच्याकडे दहा म्हणजे माझ्याकडे पहाटेचे साडेपाच, पण करा.

तुमची,
ताई

ता. क. आई, खिडकी उघडताना स्वेटर घालते. तू दिलेलाच.