‘करमत नाही’ला किती गुण?

महोदय,

युद्ध, छळ यांमुळे जगभरात सक्तीने विस्थापित झालेल्यांत सुमारे ४० टक्के मुले आहेत. निर्वासित मुलांचे मनःस्वास्थ्य मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची ५ प्रश्नांची प्रश्नावलीही वापरतात. त्यातला एक प्रश्न, उठल्यावर ताजेतवाने वाटते का, मी ऊसतोड कामगाराच्या मुलीला विचारला. “बाई, गाडी भरायला पहाटं तीनलाच उठवत्यात.” मग ओढणीचे टोक पिळत हळूच, “आजी गावाकडं हाय. करमत न्हाई.” हे ‘करमत नाही’ कोणत्या रकान्यात भरायचे? आमच्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी कितीतरी मुले आहेत. भाषा बदलली की उत्तर बदलते, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. मग सीरियन, रोहिंग्या निर्वासित मुलांसाठी या प्रश्नावलीचे नुसते भाषांतर कसे पुरेल? प्रश्न ठरवण्याआधी त्या मुलांना, त्यांच्या आयांना विचारायलाच हवे.

— एक शिक्षिका, सोलापूर