साबुदाण्याच्या कंदाचा टंच कोण काढतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, धंदा गलाईचा, गेली बावीस वर्षं तमिळनाडूत सेलमला आहे. आमच्या तालुक्यातली, आटपाडीतली हजारो माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरलीत, त्यातलाच मी एक. तुमचा पेपर मोबाईलवर रोज वाचतो. पत्र लिहायचं कारण असं की गेल्या महिन्याभरात गावाकडून मला सात-आठ फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "तू सेलमला आहेस, तिथं साबुदाण्याचं पीक असतं म्हणतात, एकरी पंधरा टन निघतं, आता टेंभू योजनेचं पाणी आलंय तर आपण लावूया का?" प्रत्येकाने कुठला तरी व्हिडिओ बघितलेला, त्यात पंधरा टन गुणिले दहा हजार असा हिशोब केलेला आणि खाली दीड लाख लिहिलेलं. खर्चाची ओळ एक, ती पण अर्धी. वजाबाकी नाहीच म्हणा ना.

म्हणून जे मी डोळ्याने बघितलं आणि ज्यात माझे स्वतःचे पैसे गेले ते लिहितो.

आधी हे पीक काय ते सांगतो, कारण आपल्याकडे अजून खूप जणांना वाटतं साबुदाणा कुठल्या तरी झाडाला लागतो. इंडोनेशिया-मलायाकडचा जुना साबुदाणा खरंच सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या खोडातला, पण आपण खिचडी करतो तो कसावा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा. इकडे त्याला मरवल्ली किळंगु म्हणतात, केरळात कप्पा, आपल्या कोकणात शाबुकंद. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल बंद पडला तेव्हा सेलमच्या व्यापाऱ्यांनी हा कंद किसून त्याचा साबुदाणा करायला सुरुवात केली. 1981 मध्ये कारखानदारांची सहकारी संस्था झाली, सागोसर्व्ह नावाची, आणि 2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला जीआय टॅगही मिळाला. इथला माल सगळ्यात जास्त आपल्याकडे आणि उत्तरेत जातो, तमिळ माणूस स्वतः फार खात नाही. आषाढी, श्रावण, नवरात्र जवळ आलं की इकडच्या गोडाऊनमध्ये गडबड सुरू होते. म्हणजे आपण उपास करतो त्यावर इथल्या हजारो लहान शेतकऱ्यांचं वर्ष चालतं, आणि आपल्याला त्याची कल्पना नसते.

आता हिशोब. सेलम जिल्ह्यातल्याच अत्तूरच्या बाजूला माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, मी त्यांना अण्णा म्हणतो, तेही आम्हा गलाईवाल्यांना सगळे म्हणतात तसं मला सेट म्हणतात. त्यांची वसिष्ठ नदीच्या पट्ट्यात 2 एकर जमीन. दोन वर्षांमागे त्यांची पैशाची ओढाताण होती, मी म्हटलं निम्मा खर्च मी घालतो, निम्मं उत्पन्न माझं. त्यामुळे सगळा हिशोब माझ्या वहीत रुपया-रुपयाने आहे. एकरी सांगतो. नांगरट, रोटर, सऱ्या 7 हजार. शेणखत 10 हजार. बेणं आणि लावण 8,500, त्यात आदल्या वर्षीच्या बेण्यावर मोझॅकचा रोग होता म्हणून कांड्या विकत आणाव्या लागल्या, नाहीतर बेणं घरचंच असतं, काढणीनंतर खोडं झाडाच्या सावलीत उभी करून ठेवतात आणि लावणीच्या वेळी वीतभर तुकडे करून लावतात, तीन-तीन फुटावर, एकरात पाचेक हजार बसतात. खत 9 हजार, याला पालाश भरपूर लागतं. भांगलण चार वेळा, 16 हजार, आणि हाच सगळ्यात मोठा आकडा, कारण पहिले तीन महिने रोप लहान असतं आणि तण त्याला गिळून टाकतं. ड्रिपची दुरुस्ती आणि पाणी सोडणारा माणूस मिळून साडेतीन हजार (शेतीपंपाची वीज तमिळनाडूत फुकट आहे, आपल्याकडे करणाऱ्यांनी आपली लाईट बघावी). फवारणी 4 हजार. झाले 58 हजार, आणि अजून कंद जमिनीतच आहे.

फवारणीवरून आठवलं. 2020 मध्ये केरळात त्रिशूरकडे कसाव्यावरचा एक परदेशी पिठ्या ढेकूण पहिल्यांदा सापडला, मग तो सेलम-नामक्कलमध्ये घुसला आणि शेंडे गुच्छासारखे आवळून गेले, उभी शिवारं खुरटली. औषधं मारून लोक थकले. शेवटी बंगळुरूच्या केंद्रीय संस्थेने आफ्रिकेतल्या बेनिनहून एक बारीक गांधीलमाशीसारखा मित्रकीटक आणला आणि 2022 च्या मार्चमध्ये अत्तूरजवळच्याच येथापूरच्या संशोधन केंद्रातून तो शेतात सोडायला सुरुवात केली. अण्णा म्हणतात त्यानंतर खरंच फरक पडला. पण त्या मधल्या दोन वर्षांचं कर्ज अजून त्यांच्या डोक्यावर आहे, आणि ते कर्ज माझ्या वहीतल्या 58 हजारात नाही.

दहा महिन्यांनी काढणी. टोळी येते, खोड धरून हलवून कंदांचा आख्खा झुबका वर काढते, तोडते, गाडी भरते, टनाला 900. वाहतूक टनाला 500. एकरी 12 टन पडलं, कारखान्याने माती कापून घेतल्यावर. म्हणजे अजून 16,800. एकूण एकरी खर्च 74,800 रुपये. यात जमिनीचा खंड नाही, अण्णा आणि त्यांच्या मिसेस दहा महिने राबल्या त्याची मजुरी नाही, माझ्या पैशाचं व्याज नाही.

इथून पुढचं नीट वाचा, कारण व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

कंद नुसता टनावर विकत नाहीत. त्यात स्टार्च किती त्याचे पॉइंट काढतात आणि दर पॉइंटला असतो. आपल्या ऊसवाल्यांना सांगायचं तर उतारा म्हणतो ना तसं. नमुन्याचे थोडे कंद आधी हवेत तोलतात, मग पाण्यात बुडवून तोलतात, पाण्यात वजन जितकं जास्त भरेल तितका स्टार्च जास्त. शास्त्र बरोबर आहे, काही खोट नाही त्यात. आमच्या गाडीच्या वेळी पॉइंटला 260 चा दर होता. अण्णांचा अंदाज 27 पॉइंटचा. म्हणजे टनाला 7,020, एकरी 84,240, खर्च जाऊन साडेनऊ हजारांच्या आत-बाहेर सुटतील असं आम्ही धरून चाललेलो. दहा महिन्यांचे साडेनऊ हजार, तेही चाललं असतं.

गाडी संध्याकाळी कारखान्याच्या दारात लागली. पुढे बऱ्याच गाड्या. मी पण गेलेलो, म्हटलं आपले पैसे आहेत, बघूया कसं असतं. रात्र गाडीतच काढली. सकाळी अण्णांनी गाडीतला एक कंद मोडून दाखवला, आत पांढराशुभ्र. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला दुसरा मोडला तर सालीच्या खाली बारीक निळसर-काळ्या रेघा दिसायला लागल्या. बोलले काहीच नाहीत, तो कंद माझ्या हातात ठेवला आणि गाडीच्या चाकापाशी जाऊन बसले. हा कंद जमिनीतून निघाला की एक-दोन दिवसात किसला गेला पाहिजे, नाहीतर काळा पडतो, स्टार्च खराब होतो. कांद्यासारखी चाळ नाही, हळदीसारखं पेव नाही, द्राक्षासारखं कोल्ड स्टोरेज परवडत नाही. भरलेली गाडी परत न्यायची कुठे? दुसरा कारखाना शोधेपर्यंत अजून एक दिवस जातो आणि भाडं डबल.

साडेतीनला नंबर लागला. एका पोराने कोपऱ्यातल्या पिंपात नमुना बुडवला, वर काढला, आतल्या केबिनकडे बघून ओरडला, चोवीस. झालं. काटा कुणी आम्हाला दाखवला नाही, नमुना कुठून घेतला ते विचारलं तर म्हणाले पाऊस झालाय ना, पॉइंट उतरणारच. आता पावसाने पॉइंट उतरतात हे खरंच आहे, झाड पुन्हा फुटायला लागलं की कंदातला स्टार्च वापरतं, त्यामुळे मी कुणी खोटं बोललं असं म्हणत नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही. कारखान्याचं नावही घेत नाही. पण 24 ने गुणा. टनाला 6,240, एकरी 74,880. खर्च 74,800. एकरी 80 रुपये राहिले. दोन्ही एकरांचे मिळून 160, त्यातले 80 माझे आणि 80 अण्णांचे. तीन पॉइंटमध्ये दहा महिने गेले.

मला राग आला तो माझ्या धंद्यामुळे जास्त आला. आमच्याकडे कुणी चांदी मोडायला आणली की तिचा टंच काढतात, म्हणजे तिच्यात शुद्ध चांदी किती ते तपासतात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, तुकडा त्याच्यासमोर कापतो, वजन त्याच्यासमोर करतो, आणि त्याला पटलं नाही तर बाजारात टंच काढून देणारी वेगळी दुकानं आहेत, त्यांचा माल घेण्याशी संबंध नाही, पैसे घेतात आणि चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीवर व्यवहार होतो. चांदी रात्रभर काळी पडत नाही तरी आम्ही एवढं करतो. आणि इथं जो माल घेणार तोच टंच काढणार, तोच काटा करणार, तोच दर सांगणार, आणि शेतकऱ्याच्या हातात सडत चाललेला माल. उसाला निदान एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, 14 दिवसात पैसे द्यायचा कायदा आहे, पाळतात किती तो भाग वेगळा, पण भांडायला काहीतरी कागद आहे. कसाव्याला हमीभाव नाही, केंद्राच्या यादीतच हे पीक नाही. दर चांगला असेल तेव्हा हेच शेतकरी कमावतात हेही सांगितलं पाहिजे, अण्णांनी टनाला दहा हजारांच्या वरचा दर पाहिलाय, त्या भावात त्यांनी घरावर स्लॅब टाकला. पण भाव चढला की पुढच्या वर्षी सगळे लावतात आणि पडतो, आणि साडेपाच हजारावर आला तर वरचा हिशोब स्वतःच करून बघा.

त्या वर्षी अण्णांचं घर चाललं ते कांद्यावर. सांबारात घालतात तो छोटा कांदा त्यांनी सुरुवातीच्या तीन महिन्यात सऱ्यांच्या मधे घेतलेला, त्याचे दोन एकरात मिळून 22 हजार सुटले. मी त्यातला वाटा घेतला नाही. इथले जाणते लोक हेच सांगतात, नुसत्या कंदावर बसू नका, मधे कांदा, उडीद, भुईमूग काहीतरी घ्या.

आता गावाकडच्या माझ्या माणसांसाठी. पीक आपल्याकडे येणार नाही असं मी म्हणत नाही, येईल, चिवट झाड आहे, कमी पाण्यातही जगतं. पण लावायच्या आधी एकच विचारा, एका दिवसाच्या वाटेवर कंद किसणारा कारखाना आहे का? आपल्यापासून सेलम आठ-नऊशे किलोमीटर आहे, तिथं कंद पोचेपर्यंत काळा पडेल. कारखाना नसेल तर परसात दोन-चार गुंठे खायला लावा, उकडून चांगला लागतो (पहिलं पाणी ओतून द्यायचं आणि पाला-साल शेळ्यांना घालायची नाही, विषारी असते, इथं जनावरं दगावलेली मी पाहिलीत). एकरात लावू नका. आणि कुणी कंपनी बेणं देऊन "आम्हीच विकत घेऊ" म्हणत असेल तर दर कशावर, पॉइंट कोण काढणार आणि गाडी थांबली तर नुकसान कुणाचं, हे लेखी घ्या.

संपादक साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक, शेतीच्या पानावर कुठल्याही नव्या पिकाची यशोगाथा छापताना विक्रीचा हिशोब पण छापा, काटा कुणाचा, प्रत कोण ठरवतं, माल किती दिवस टिकतो, पैसे किती दिवसात मिळतात. दुसरी, आषाढीच्या तोंडावर तुम्ही साबुदाण्याचा बाजारभाव छापता, त्याच्या शेजारी सेलमच्या कंदाचा त्या आठवड्याचा दर पण छापा. साधारण पाच किलो कंदाचा एक किलो साबुदाणा होतो, आमच्या गाडीच्या दराने त्या एका किलोमागे शेतकऱ्याला 31 रुपये मिळाले. वाचकाने किराणा दुकानात काय दिले ते वाचकाला माहिती आहे. आपले मुंबई-पुण्याचे घाऊक व्यापारी या मालाचे मोठे खरेदीदार आहेत, त्यांनी जर कारखान्यांना विचारायला सुरुवात केली की तुमच्याकडे पॉइंट शेतकऱ्यासमोर काढतात का, तर इथं फरक पडेल असं मला मनापासून वाटतं. बाजार समितीत किंवा सागोसर्व्हच्या आवारात एक वेगळा काटा आणि एक पाण्याचं पिंप, तिथं टंच निघाला आणि चिठ्ठी मिळाली एवढं झालं तरी पुष्कळ. त्याला काही कोटी लागत नाहीत.

अण्णांनी यंदा एका एकरातच मरवल्ली लावलंय, दुसऱ्यात मका आहे. निम्मा खर्च याही वेळी माझाच आहे. डिसेंबरात काढणी आहे, यावेळी नमुना मी स्वतः आमच्या काट्यावर आधी पाण्यात तोलून नेणार आहे, आणि जो आकडा येईल तो आणि कारखान्याचा आकडा दोन्ही तुम्हाला कळवतो.

आपला,
एक गलाईवाला
मूळ गाव खानापूर तालुका, सध्या सेलम